मेलच्या वेगात वाचायची भिंत

साऱ्या शहराच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या दुकानावर पाटी नव्हती. तिथे एक जुना पत्रा ठोकलेला होता, आणि ब्रश पुसून पुसून त्यावर इतके रंग चढले होते, की परगावचे लोक त्याला नव्या पद्धतीचं चित्र समजून मान तिरकी करून बघत. गिऱ्हाईक आलं की पेंटर एकच प्रश्न विचारायचा, "ठळक करू ना?" उत्तराची वाट तो बघत नसे. त्यावरून त्याचं नाव पडलं ठळकमामा. खरं नाव होतं, पण ते फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं आणि ती त्याला "अहो" म्हणायची.

मामांचं सगळंच ठळक. दातांच्या डॉक्टरांनी दारावर लहानशी, सभ्य पाटी मागितली होती. मामांनी तिच्यावर असा जबडा काढला, की दुखरे दात घेऊन आलेले लोक पायरीवरूनच बरे होऊन परत जाऊ लागले. बोलण्याची तीच तऱ्हा. मामांच्या कानात सांगितलेलं गुपित चहावाल्याला चौकापलीकडून ऐकू यायचं.

आणि या ठळक माणसाचं आपल्या शहरावर फार प्रेम. रेल्वे आली तेव्हा इथे एक विहीर आणि तिच्याभोवती थोडी घरं होती. आता साबणाचा कारखाना होता, पेन्सिलींचा कारखाना होता, लाकडाची वखार होती, मुख्य रस्त्यावर दिव्यांचे खांब होते आणि त्यांतले बरेचसे दिवे लागतही होते. नगरप्रगती मंडळानं ठराव करून टाकला होता, की यापुढे कोणी "गाव" म्हणायचं नाही, "शहर" म्हणायचं. ठराव एकमतानं झाला आणि सभा संपल्यावर अध्यक्ष म्हणाले, "चला, गावाच्या भल्याचं एक काम झालं." तेव्हापासून लिहिताना शहर आणि बोलताना गाव अशी वाटणी होऊन गेली.

मंडळाचं पुढचं पाऊल म्हणजे निसर्गसौंदर्य. रेल्वेनं रूळ टाकताना खडीसाठी दगड काढले, त्याचा स्टेशनाजवळ एक भलामोठा खड्डा पडला होता. खाली झरे लागले आणि खड्डा भरला तो कधी आटलाच नाही. मंडळानं त्याच्या काठाला दोन बाकं ठेवली आणि खड्ड्याचं नाव ठेवलं "सरोवर". कपडे धुणाऱ्या बायका मात्र अजून "खड्ड्यावर जाते" म्हणायच्या. तेवढं एक सोडलं, तर नाव चांगलं रुळलं. इतकं रुळलं, की शाळेतली पोरं भांडताना एकमेकांना "जा सरोवरात" म्हणू लागली.

एवढं सगळं असून मेल थांबत नव्हती.

मेल म्हणजे उगवतीकडच्या राजधानीपासून मावळतीकडच्या बंदरापर्यंत धावणारी मोठी गाडी. ती या शहरातून दोन्ही दिशांनी जायची, पण अशी, जशी बड्या घरची बाई भाजीबाजारातून जाते: नाक वर, पदर सावरून, न बघता. मंडळाला ही गोष्ट अपमानाची वाटे. मामांना ती आतून लागे, कारण त्यांची एकुलती एक लेक बंदराच्या शहरात दिली होती. तिला माहेरी यायचं तर मेलनं मामांच्या नाकासमोरून पुढे जंक्शनला जायचं, तिथे वाऱ्याच्या तोंडाशी असलेल्या बाकावर अर्धा दिवस काढायचा आणि रखडत येणाऱ्या पॅसेंजरनं उलटं परत यायचं. तिला मुलगा झाला तेव्हा मामी बाळंतपणाला गेल्या आणि त्याच बाकावर बसून सुजलेला गुडघा घेऊन परतल्या. तान्ह्या पोराला घेऊन त्या बाकावर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी लेकीला बजावलं होतं. मामा कामात अडकल्यामुळे गेलेच नव्हते. म्हणजे नातू झाला होता आणि आजोबांनी तो पाहिला नव्हता.

"मेल थांबली की लेक येईल," मामा म्हणत.

"मेल थांबेपर्यंत नातवाला मिशा येतील," मामी म्हणत.

मामा ज्या कामात अडकले होते, ते काम होतं भिंतीचं. स्टेशनाला लागूनच उगवतीच्या अंगाला साबणाच्या कारखान्याची लांबच लांब भिंत रुळाच्या कडेनं गेली होती. कारखान्याचे मालक म्हणजेच मंडळाचे अध्यक्ष. त्यांना सगळे साबणशेठ म्हणत. दिसायलाही ते नव्या वडीसारखे गुळगुळीत होते आणि त्यांच्या अंगाला येणाऱ्या वासावरून ते कुठे गेले हे शोधता येई. भिंतीवर शहराची कीर्ती रंगवावी, ती मेलमधल्या प्रवाशांनी वाचावी, त्यांनी रेल्वेला सांगावं आणि रेल्वेनं मेल थांबवावी, असा त्यांचा बेत होता. भिंतीला खांबाखांबांमध्ये आठ चौकटी होत्या. एका चौकटीत एक शब्द, म्हणजे धावत्या गाडीतूनही वाचता येईल, ही कल्पना मामांची. मजकूर मात्र शेठनी स्वतः रचला आणि रचल्यावर स्वतःच गहिवरले:

पाणी भरपूर, धूळ नाही, उद्योग आहे, आळस नाही.

"स्वल्पविराम कुठे घालू?" मामांनी विचारलं.

"मेलच्या वेगात स्वल्पविराम दिसतो का कुणाला?"

"ठळक केला तर दिसेल."

"नको. उगाच किडा बसल्यासारखा वाटेल."

मामांनी माणसाच्या उंचीची अक्षरं काढली, निळी, लाल सावलीची. राजधानीकडून येणाऱ्या माणसाला भिंत सुरू झाल्याचं कळावं म्हणून उगवतीच्या टोकाला त्यांनी पंज्याएवढं नव्हे, चांगलं बैलगाडीएवढं बोट काढलं, पुढे दाखवणारं. मग परीक्षा म्हणून स्वतः त्या टोकापासून स्टेशनापर्यंत मेलच्या वेगानं, म्हणजे त्यांच्या समजुतीतल्या मेलच्या वेगानं, धावत गेले. झकास वाचता आलं. परत येताना मात्र ते दमले होते, त्यामुळे मान खाली घालून, धापा टाकत, काही न वाचता आले. सगळा घोटाळा तिथेच झाला.

काही दिवसांनी लेक आणि जावई पोराला घेऊन राजधानीला नणंदेकडे निघाले. मेल मावळतीकडून यायच्या वेळी मामा-मामी फलाटावर उभे राहिले. गाडी आली तशी गेली. एका खिडकीत लेकीचा हात दिसला, हातात एक पांढरं गाठोडं दिसलं आणि मामांच्या डोळ्यांत कोळशाचा कण गेला. निदान तो कोळशाचा होता असं त्यांचं म्हणणं.

"नाक माझ्यावर गेलंय," मामा डोळे पुसत म्हणाले.

"मेलच्या वेगात नाक दिसलं तुम्हाला?"

"ठळक आहे गं."

"तुमच्याकडं होता तो पायांचा भाग होता," मामी म्हणाल्या आणि लंगडत घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मामांच्या शेजारच्या औषधाच्या दुकानात फोन आला. राजधानीहून जावई बोलत होते. जावई स्वभावानं लाख माणूस, पण सासऱ्यांची खोडी काढल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे, आणि मामांच्या शहराला ते "तुमचं ते खेडं" म्हणायचे.

"भिंत वाचली हो, बाबा."

"वाचलीत? कशी वाटली?"

"मला तुमचं कौतुक वाटलं. हल्ली इतकं खरं कोण लिहितं?"

मामा फुलले. "मजकूर शेठचा. अक्षर माझं."

"सगळा डबा मोठ्यानं वाचत होता. आळस आहे. उद्योग नाही. धूळ भरपूर. आणि मग नुसतं 'पाणी', जसा कोणी तहानेनं ओरडतोय. त्याच्यापुढे एक एवढं मोठं बोट, मागे वळलेलं. म्हणजे पाणी हवं तर आल्या वाटेनं परत जा, असंच ना?"

मामांच्या हातून फोन पडला नाही, कारण औषधवाल्यानं तो आधीच काढून घेतला होता.

ते तडक भिंतीकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा ती स्टेशनाकडून वाचत निघाले. मावळतीच्या टोकाला पहिलाच शब्द होता "नाही". तो कोण वाचणार? त्या क्षणी सगळा डबा अजून फलाटाकडे बघत असतो. नजर वळेपर्यंत "नाही" मागे पडलेलं आणि पुढे सुरू: आळस, आहे. उद्योग, नाही. धूळ, भरपूर. जावयांनी एक अक्षर वाढवून सांगितलं नव्हतं.

घाम पुसत मामा साबणशेठकडे पोचले, तर तिथे आनंदीआनंद. स्टेशनमास्तर बातमी घेऊन आले होते: रेल्वेचे मोठे साहेब परवा मेलनं येणार, मेल त्यांच्यापुरती इथे थांबवणार आणि गाडी कुठे थांबवायची कुठे नाही याचा निर्णय याच दौऱ्यात घेणार.

"कुठून येणार?" मामांनी विचारलं.

"बंदराकडून," स्टेशनमास्तर म्हणाले.

मामा शेठच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. मग त्यांनी भिंत शेठना उलट म्हणून दाखवली. शेठचा गुळगुळीत चेहरा फेसासारखा पांढरा झाला.

"तुम्ही उलटं कशाला रंगवलंत?"

"मी सुलटंच रंगवलं, शेठ. गाडी उलटी येते."

"मग गाडीला सांगा," शेठ म्हणाले, आणि आपण काय बोललो हे कळल्यावर त्यांनी स्टेशनमास्तरांकडे आशेनं पाहिलं.

"चार शब्द बदलू," मामा म्हणाले.

"माझ्या मजकुराला हात लावायचा नाही. एकेक शब्द तोलून लिहिलाय मी."

मामा घरी आले आणि जेवणाच्या ताटासमोर भिंतीसारखे बसून राहिले. मामी गुडघ्याला शेक देत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मेल थांबायची ती आता थांबत नाही आणि नातू यायचा तो येत नाही, हेही ऐकलं, कारण मामांनी ते पुन्हा पुन्हा सांगितलं.

"एक विचारू?" मामी म्हणाल्या. "घरी पाहुणा आला की आपण त्याला दारातच सांगतो का, की आमच्याकडे ढेकूण नाहीत?"

"हे काय मधेच?"

"सांगतो का?"

"नाही सांगत. सांगितलं तर तो रात्रभर खाजवत बसेल."

"मग धूळ नाही, आळस नाही, हे कशाला सांगायला गेलात? विचारलं होतं कुणी? जे आहे ते 'आहे' म्हणा आणि गप्प बसा. 'पाणी भरपूर, उद्योग आहे' म्हणा. उलटीकडून 'आहे उद्योग, भरपूर पाणी'. बिघडतंय काय?"

मामांनी बोटानं हवेत लिहून पाहिलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग त्यांनी मामींकडे अशा नजरेनं पाहिलं, की मामी म्हणाल्या, "भात गार होतोय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मामांनी शिडी लावली आणि चारी नकोसे शब्द चुन्यानं झाकले. चुना वाळला आणि "धूळ" हळूच परत वर आली. मागोमाग "आळस" उठून बसला. तेलाचा रंग मामांनी जन्मभर ठळक लावलेला, तो काय चुन्याला ऐकतो. एरवी ज्या गुणाचा गर्व, तोच असा उलटला. चुन्यानं शब्द झाकले जाईनात, तेव्हा मामांनी ठरवलं, की त्यांच्यावर चित्रंच काढायची, भरगच्च, गडद.

"धूळ" आणि "नाही" यांच्यावर त्यांनी साबणाचा कारखाना काढला. कारखान्याला धुराडं एकच होतं, पण "नाही"ची वेलांटी फार वर येत होती, म्हणून दुसरं धुराडं घालणं भाग पडलं. आणि स्टेशनाकडच्या टोकाला, "आळस" आणि "नाही" यांच्यावर, काय काढावं ते त्यांनी ठरवलंच नव्हतं. हातानं आपोआप एक आगगाडी काढली. थांबलेली. डब्याचं दार उघडं, आणि दारातून एक बाई उतरतेय, तिच्या कडेवर एक पोर. पोराच्या नाकाशी आल्यावर मामांनी ब्रश बारीक घेतला, मग बदलला आणि ठळक घेतला.

संध्याकाळी साबणशेठ आले. आपल्या मजकुराची वाताहत पाहून त्यांनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर कारखान्याच्या चित्रावर गेली.

"धुराडी दोन?"

"प्रगती व्हायचीच आहे ना, शेठ. आधी भिंतीवर होऊ द्या."

शेठ चार पावलं मागे सरले. "डावं जरा उंच हवं होतं," म्हणाले, आणि मजकुराचा विषय पुन्हा निघाला नाही.

साहेब आले तो दिवस मंडळानं दोन दिवस पाठ केला होता. मेल थांबली. जन्मात प्रथम थांबलेली मेल बघून फलाटावरचं कुत्रंसुद्धा भुंकायचं विसरलं. साहेब उंच, वाकलेले, झोपमोड झालेल्या माणसाच्या चेहऱ्याचे होते. त्यांना पेन्सिलींचा कारखाना दाखवला, त्यांनी एक पेन्सिल घेऊन खिशात घातली. दिव्यांचे खांब दाखवले, भर दुपारी. साबणशेठनी भिंतीसमोर उभं राहून उद्योग या विषयावर भाषण केलं. साहेबांचं लक्ष भिंतीकडे होतं.

"पाणी भरपूर असं लिहिलंय," साहेब म्हणाले. "कुठाय?"

शेठनी छाती फुगवली. "सरोवर, साहेब. निसर्गानं या शहराला दिलेली देणगी. चांदण्यात त्याची शोभा..."

"शोभा राहू दे. खोल किती? उन्हाळ्यात आटतं?"

सरोवराच्या शोभेवर मंडळानं तीन सभा घेतल्या होत्या, पण तळ कोणी विचारला नव्हता. मागे शिडी धरून उभे असलेले मामा तेवढ्यात पुढे झाले. त्यांना "सरोवर" म्हणायचं होतं. घरून निघताना मामींसमोर दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. पण साहेबांसमोर तोंड उघडलं आणि चौकापलीकडच्या चहावाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात जे बाहेर पडलं ते असं:

"साहेब, तो आपलाच खड्डा आहे. रेल्वेनंच खणलाय. कधीच आटत नाही."

शेठनी डोळे मिटले. साहेबांचे मात्र उघडले, त्या दिवसात प्रथमच.

"आपला खड्डा?" ते म्हणाले. "खडीचा? तो इथे होय?" आणि भाषण, सरोवर, बाकं सगळं मागे टाकून ते लांब ढांगा टाकत खड्ड्याकडे निघाले. कपडे धुणाऱ्या बायकांना त्यांनी चार प्रश्न विचारले, बायकांनी चाळीस उत्तरं दिली. गोष्ट अशी होती, की मेलची इंजिनं ज्या नदीवर पाणी भरत ती नदी उन्हाळ्यात रुसू लागली होती, आणि साहेब उद्योग, सौंदर्य, प्रगती यांतलं काहीही शोधत नव्हते. ते पाणी शोधत फिरत होते.

दीड-दोन महिन्यांत खड्ड्यावर पंप बसला, फलाट संपतो त्याच्याही पुढे, भिंतीच्या कडेला, इंजिनाला पाणी पाजणारा लोखंडी खांब उभा राहिला, आणि मेल थांबायचा हुकूम निघाला. दोन्ही बाजूंनी, पाणी भरून होईपर्यंत. साबणशेठनी सभेत सांगितलं, की हा शहराच्या उद्योगशीलतेचा विजय आहे. टाळ्या पडल्या. खड्ड्याला पुन्हा खड्डा म्हणावं का, असं कोणीतरी हळूच सुचवलं, ते नामंजूर झालं.

पहिली थांबणारी मेल मावळतीकडून आली तेव्हा अख्खं गाव, म्हणजे अख्खं शहर, फलाटावर होतं. मामींनी गुडघ्याला पट्टी बांधली होती. इंजिन पाण्याच्या खांबाशी जाऊन उभं राहिलं, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की मंडळानं पाण्याचा विचार केला, स्वागताचा विचार केला, फक्त फलाटाच्या लांबीचा विचार कोणी केला नाही. इंजिनामागचे डबे फलाट सोडून थेट भिंतीसमोर उभे होते. त्यांतल्या पहिल्याच डब्याच्या दारात लेक उभी होती, कडेवर पोर, आणि खाली, पुरुषभर अंतरावर, खडी.

"बाबा," लेक वरून म्हणाली, "उडी मारू का?"

"खबरदार," मामा म्हणाले, आणि ते धावले. या खेपेला ते खरोखर मेलच्या वेगानं धावले असं बघणारे सांगतात. त्या सकाळीच अक्षरांवर नवा हात फिरवून भिंतीशी टेकवलेली आपली रंगानं माखलेली शिडी त्यांनी उचलली आणि दाराला लावली. लेक एकेक पायरी उतरू लागली, आणि तिच्या मागे भिंतीवर तशीच एक बाई, तसंच एक पोर घेऊन, तशाच एका डब्यातून उतरत होती. लेकीनं ते पाहिलं आणि मधल्याच पायरीवर थबकली.

"बाबा, ही मी?"

"उतर आधी. इंजिनाचं पिऊन होत आलंय."

मग जावई बॅगा घेऊन उतरले. त्यांनी भिंत उजवीकडून वाचली, डावीकडून वाचली, परत उजवीकडून वाचली. खोडी काढायला जागाच सापडेना. हात शिडीच्या ओल्या रंगाला लागून निळा झाला होता, तो झटकत ते म्हणाले, "चला. शहरात आलो एकदाचे."

मामांनी ते ऐकलंच नाही. मामींनी पोर त्यांच्या हातात दिलं होतं, आणि ते त्याचं नाक इकडून आणि तिकडून, दोन्ही बाजूंनी, तपासत होते.

"मामीवर गेलंय," स्टेशनमास्तर मागून डोकावून म्हणाले.

"असू दे," मामा पोराला म्हणाले, आणि त्यांच्या आयुष्यातलं पहिलं बारीक अक्षरातलं वाक्य बोलले. "ये रे, गावात ये."